गालफुग्याची खाज

"कोंडा कधी चालतो का रे?" सिस्टरने फोनवर मुलाला विचारलं. "काळ्या कागदावर धरून त्याला ब्रशने झाडलं. भिंगातून बघते तर पांढरे ठिपके चक्क चालतायत!"

"आई, तो दोन वर्षांचा झालाय. म्हातारपणी केस जायचेच."

"माझे गेले का?"

तो म्हणजे गालफुग्या, नातीचा हॅमस्टर; उंदरासारखा हा प्राणी जगतोच दोन-अडीच वर्षं. मुलगा, सून आणि नात महिनाभरासाठी बाहेरगावी गेली होती आणि पिंजरा आजीच्या स्वाधीन होता. पाचव्या दिवशी तो कानामागे खाजवू लागला. आठव्या दिवशी पाठीवर बटणाएवढं टक्कल पडलं, त्यावर खपल्या धरल्या. चौतीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढलेल्या बाईला खरूज ओळखायला कुणी शिकवायला नको होतं.

पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराने कुत्र्यांच्या गोचिडांची पावडर दिली. "चिमूटभर भुरभुरा. संध्याकाळपर्यंत मोकळा होईल."

घरी आल्यावर एका हातात गालफुग्या, दुसऱ्या हातात उघडा डबा, आणि तिचा हात थांबला. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय तिने आजवर कुणाला तापाची गोळीही दिली नव्हती. यावरून घरात तिची टर उडायची. "हिला ठसका लागला तरी पाणी प्यायला डॉक्टरची सही लागते," असं नवरा होता तोवर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. स्वतःवरच चरफडत तिने झाकण लावलं आणि प्राण्यांचा दवाखाना गाठला.

तिथे बाकावर ती अवघडून बसली. आयुष्यभर ती टेबलाच्या पलीकडे होती.

"बरा होईल ना हो?" तिने कागद भरून घेणाऱ्या बाईला विचारलं.

"डॉक्टर सांगतील," ती मान वर न करता म्हणाली. हे उत्तर सिस्टरने स्वतः हजारदा दिलं होतं.

डॉक्टर पोरसवदा मुलगी होती. तिने गालफुग्याच्या पाठीवर चिकटपट्टी दाबून काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. "माइट्स आहेत, त्वचेवरचे बारीक किडे. बघा, हे पाय." मग तिचं लक्ष पिशवीतल्या डब्याकडे गेलं. "हे घातलंत?"

"उघडलं होतं. घातलं नाही."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "आजी, हे प्राणी अंग चाटून साफ करतात. हे पोटात गेलं असतं तर वाचला नसता."

सिस्टरने खुर्चीचा हात घट्ट धरला. मग म्हणाली, "माझ्याकडे आल्यावरच झालं हे."

"थोडे माइट्स बहुतेक आधीपासूनच अंगावर असतात. वय झालं, ताकद कमी पडली की वाढतात. तुमचं काही चुकलं नाही."

सिस्टरने पदराने चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

गालफुग्याला वजनकाट्यावर ठेवून डॉक्टरने औषध मोजलं. "मानेवर एक थेंब. दोन आठवड्यांनी दुसऱ्या थेंबासाठी परत घेऊन या. भुसा सगळा फेका, त्याचं लाकडी घरसुद्धा. पिंजरा कढत पाण्याने धुऊन कोरडा करा. नवा भुसा आधी दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, त्यात माइट्स असले तर मरतील. तोवर खाली साधा टिश्यू पेपर चालेल."

"लिहून द्या," सिस्टर म्हणाली. "आणि खाली सही करा."

दुसरा थेंब पडला तोवर खाज थांबली होती. टकलावर मऊ, पिवळसर लव आली होती.

नात आली ती चपला न काढताच पिंजऱ्याकडे धावली. "आजी, इथे केस आखूड का गं?"

सिस्टरने सगळं सांगितलं. डबा उघडला होता, तेही. लपवता आलं असतं.

नातीने गालफुग्याला पिंजऱ्यातून उचलून घेतलं. "पण घातलं नाहीस ना?"

"नाही."

"मग झालं तर." तिने त्याला अलगद आजीच्या ओंजळीत ठेवलं. "तू धर. मी त्याचं पाणी बदलते."

गालफुग्याने दोनदा गिरकी घेतली, नाक पोटात खुपसलं आणि झोपला. सुनेने आतून चहासाठी हाक मारली, पुन्हा मारली. सिस्टर अंगठासुद्धा न हलवता बसून राहिली.