वरीलप्रमाणे

“या बाजूनं नको ताई, पलीकडून धरा,” वहिनी म्हणाल्या, तशी मी पलंगाला वळसा घालून गेले. नवऱ्याच्या अंगाखालची चादर त्या एकट्याच बदलायच्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मला हात लावायला सांगितला होता. चादर ओढताना त्यांचा डावा हात खांद्याच्या वर गेलाच नाही. तो मध्येच थांबला आणि त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

“काय झालं?”

“काही नाही. खांदा धरलाय जरा.”

मी एका मोठ्या रुग्णालयात समाजसेविका आहे. डॉक्टर आजार बघतात, आम्ही आजाऱ्याचं घर बघतो, असं मी नव्या मुलींना मोठ्या तोऱ्यात शिकवत असते. दर महिन्याला मी या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत जायची. दादा, म्हणजे वहिनींचे पती, लिफ्टचे मेकॅनिक. आयुष्यभर लोकांना वर-खाली पोचवलं आणि स्वतः राहिले बिनलिफ्टच्या इमारतीत. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. तेव्हापासून त्यांनी तो जिना पाहिला नव्हता.

चार वर्षं अंथरुणात, आणि अंगावर एक जखम नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, टाचांखाली घडी घालून टॉवेल ठेवायचा, हे सगळं वहिनी गजर लावून करायच्या. आमच्या विभागात त्यांचं घर म्हणजे पाहुण्यांना दाखवायचं घर होतं. नव्या परिचारिकांना मी तिथं घेऊन जायची आणि सांगायची, “बघा, काळजी म्हणतात ती ही.” सांगताना माझीच मान ताठ व्हायची. काळजी त्यांनी घ्यायची आणि कौतुक मी मिरवायचं, असा तो कारभार होता.

चादर बदलून झाल्यावर मी त्यांच्यामागून स्वयंपाकघरात गेले. तिथं दोन माणसं धड उभी राहू शकत नव्हती.

“खरं सांगा.”

त्यांनी आधी दार लोटलं. “काखेत गाठ आहे. छातीतही आहे एक.”

“कधीपासून?”

“झाले असतील आठ-नऊ महिने.”

“आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?”

“तुम्ही यांचं विचारायला येता ना.” त्या कप विसळत होत्या. “राग नाही हो तुमच्यावर. पण यांच्या कागदांवर माझं दुखणं कुठं घालणार?”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन फाइल काढली. आमच्या भेटीच्या तक्त्यात सात रकाने असतात. रक्तदाब, त्वचा, आहार, लघवी, व्यायाम, मनःस्थिती, आणि शेवटचा, काळजी घेणारी व्यक्ती. पहिल्या भेटीला मी तिथं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘पत्नी. प्रकृती उत्तम, सक्षम.’ त्याच्या पुढच्या महिन्यात ‘वरीलप्रमाणे’. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. आमच्याकडे सगळेच तसं लिहितात. दिवसात सहा घरं फिरून आलेल्या बाईला सातवा रकाना भरायचा कंटाळा येतो, आणि बायको कुठं महिन्याला बदलते? शेवटी शेवटी तर मी ‘वरील’ एवढंच लिहून एक रेघ ओढली होती. मी मोजले. पंचेचाळीस वेळा मी ती बाई ठणठणीत असल्याचं लिहून दिलं होतं, तिच्या तोंडाकडे न बघता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला माझी लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

वहिनींना मी हाताला धरून तपासणीला नेलं. त्या तीन तासांपुरतं दादांजवळ बसायला खालच्या मजल्यावरच्या बाई तयार झाल्या. सर्जन म्हणाले, उशीर झालाय, तरी ऑपरेशन लगेच करू, दहा-बारा दिवस राहावं लागेल.

इथंच घोडं पेंड खात होतं. दहा-बारा दिवस दादांना कोण बघणार? मुलगी परदेशात, तिचं बाळ महिन्याचं. दिरांना फोन केला तर ते म्हणाले, “मी आहेच की. कधीही फोन करा.” म्हणजे ते फोनपुरतेच होते. शेवटी मी एका शुश्रूषागृहात खटपट करून एक खाट मिळवली आणि वहिनींना दाखवायला नेलं. त्या सगळ्या खाटांमधून मुकाट्यानं फिरल्या. एका म्हाताऱ्याच्या पायावरचं पांघरूण त्यांनी न विचारता उचललं, टाचेवरची जखम बघितली आणि पांघरूण परत नीट सारखं केलं.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, “नाही.”

“वहिनी, तुम्हालाच काही झालं तर त्यांना कोण बघेल?”

“ते मला रोज कळतं. तुम्ही नका सांगू.”

तीन आठवडे त्या ‘नाही’वरून हलल्या नाहीत. मग मी करू नये ते केलं. एकाचं दुखणं त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. मी दादांच्या उशाशी बसले आणि त्यांना सगळं सांगून टाकलं. ते छताकडे बघत राहिले. डोळ्यातून पाणी आलं ते कानापर्यंत गेलं, मी पुसलं.

वहिनी धापा टाकत वर आल्या. दादा म्हणाले, “मी... जातो.”

“कुठं जाता?”

“तिकडं. तू... पण... जा.”

चार वर्षांत त्यांना सलग इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. वहिनींनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

“तुम्ही सांगितलंत?”

“हो.”

“नऊ महिने मी यांच्यासमोर कण्हले नाही ताई,” त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मी जिना उतरले. बरोबर केल्याचं समाधान मिळेल असं वाटलं होतं, ते काही मिळालं नाही.

दादांना चौघांनी स्ट्रेचरवरून खाली आणलं आणि शुश्रूषागृहात पोचवलं. ऑपरेशन झालं. मी रोज वॉर्डात जाऊन विचारायची, “आज कशा आहात?” त्यावर ठरलेलं उत्तर यायचं, “यांची पाठ बघून आलात का?” स्वतःबद्दल उत्तर द्यायची त्यांची सवयच मोडली होती. नवव्या दिवशी सर्जननी मला बाजूला घेतलं. आजार यकृतापर्यंत गेला होता. ते वहिनींशी बोलून गेले, मग मी खाटेजवळ बसले.

“डॉक्टर गोल गोल बोलले,” वहिनी म्हणाल्या. “किती दिवस?”

“पाच-सहा महिने.”

मला वाटलं, आता रडतील. मग त्या म्हणाल्या, “तर मग यांना शिकवायला पाहिजे.”

“काय?”

“कूस बदलायला. डावा हात आहे की चांगला. इतकी वर्षं मीच करत बसले.”

त्यांनी दादांना घरी आणलं. मी पलंगाला लोखंडी कठडा बसवून घेतला, रोज दोन वेळा यायला एक मदतनीस बाई मिळवून दिली आणि वहिनींच्या नावाची वेगळी फाइल उघडली. वहिनी खुर्चीत बसून शिकवायच्या. “गुडघा आधी. आता कठडा धरा. मान शेवटी.” दादा अर्ध्यात अडकायचे, चिडायचे, उशी फेकायचे. त्यावर वहिनी म्हणायच्या, “लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की काय करत होतात? आरडाओरडा? सावकाश घ्या.” एकदा दादा अर्ध्यात लटकलेले असतानाच हसायला लागले आणि पुन्हा पाठीवर आले. त्या दिवशी तिघंही हसलो. पुढच्या महिन्यात वहिनींना खुर्चीत बसवेना, तेव्हा त्या शेजारी गादी टाकून पडल्या पडल्या सांगत राहिल्या.

पाच महिन्यांनी त्या गेल्या. त्यांची फाइल जाड व्हायला वेळच मिळाला नाही. मुलगी आली, आठ दिवस राहिली, रडली आणि वडिलांना त्याच शुश्रूषागृहात ठेवून गेली. तिलाही दोष देता येत नाही.

महिन्यानं मी दादांना भेटायला गेले. मी खाटेशी उभी असतानाच तिथली सेविका त्यांना वळवायला आली. सवयीनं तिनं त्यांच्या पाठीखाली हात घातला.

“थांब,” दादा म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, तशी तिनं हात काढून घेतला.

त्यांनी डावा गुडघा उचलला. मग तिथल्या खाटेचा कठडा धरला. अर्ध्यावर अडकले, श्वास मोठ्यानं यायला लागला, दंडाची शीर फुगली. सेविका पुढे झाली, मी तिला धरून ठेवलं. कितीतरी वेळ ते तसेच होते. मग खांदा वळला, आणि शेवटी मान.

भिंतीकडे तोंड करून ते पडून राहिले. कूस बदलून झाली होती, तरी कठड्यावरचा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.