करवतीची जाडी

सोमवारी सकाळी शेडमध्ये सहा-सहा मीटरच्या चाळीस ॲल्युमिनियमच्या पट्ट्या होत्या, एक करवत होती, तीन माणसं होती, आणि करवतीवरचे मुल्लाचाचा शनिवारपेक्षा एकशे वीस मिलिमीटरनं बुटके झाले होते. त्यांच्या पाठीवर कुणीतरी खडूनं लिहिलं होतं : १६००.

तो आकडा बघून स्नेहल मगदूम जागीच थबकली. कापून उरलेल्या प्रत्येक तुकड्यावर त्याची लांबी खडूनं लिहायची, ही कुपवाडच्या या खिडक्यांच्या कारखान्यातली जुनी रीत होती. माणसावर मात्र कुणी कधी लिहिलं नव्हतं.

"चाचा, तुमची पँट."

"गुंडाळलीय की," चाचा म्हणाले. "बायको म्हणाली, शिंप्याकडं नको टाकायला, आज आणखी जाईल."

गणितात पदवी घेऊन आलेल्या स्नेहलनं महिनाभर खपून एक प्रोग्रॅम लिहिला होता. पूर्वी कुठल्या दिवशी किती खिडक्या करायच्या हे सुपरवायझर आवटी ठरवायचे आणि पट्टी कशी कापायची हे चाचा. दोघांच्या मधे तुकड्यांचा ढीग साचायचा. तिनं दोन्ही हिशेब एकत्र केले : सोमवारच्या पट्टीत जे उरेल त्यातून गुरुवारच्या खिडकीचा भाग काढायचा. शनिवारी पहिल्यांदा त्याप्रमाणे चाळीस काप घेतले. उरलं काहीच नाही. आवटींनी पेढे वाटले. करवतीखाली कीससुद्धा पडला नव्हता, पण पेढ्यांच्या गडबडीत ते कुणी बोललं नाही.

चाळीस काप. तीन मिलिमीटरचं पातं. एकशे वीस.

तिनं प्रोग्रॅम उघडला. 'करवतीची जाडी' या ओळीपुढं तिनंच शून्य भरलं होतं. कॉलेजात काप म्हणजे रेघ, आणि रेघेला जाडी नसते.

तिनं शून्य खोडून तीन लिहिले. पडद्यावर आलं : एवढ्या मालात काम बसत नाही.

"मग ते तीन काढा मॅडम," मागून आवटी म्हणाले. "पाचला ट्रक लागतोय. दीडशे काप आहेत. शून्यावर छान चाललं होतं की."

"सर, ते चाचांच्या अंगातून जातंय."

"कुठून तरी जाणारच."

आवटींनी शून्याचीच यादी लावली आणि करवत सुरू झाली. दर कापाला चाचांच्या टोपीचं टोक जरासं खाली यायचं. टेबलाखाली फरशी स्वच्छ होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत शंभर काप झाले, तेव्हा चाचा स्टूलावर उभे होते. आवटींनी येऊन त्यांच्या पाठीवरचा आकडा पुसला आणि १३०० लिहिलं.

"आता नातू आणि मी एका मापाचे," चाचा म्हणाले. मग त्यांनी करवतीच्या लिव्हरकडं हात लांबवून बघितला. "पोरी, संध्याकाळपर्यंत लिव्हरला हात पोचंल ना गं माझा?"

स्नेहल धावत कॉम्प्युटरशी गेली. राहिलेले पन्नास काप म्हणजे चाचांचे आणखी दीडशे मिलिमीटर. जाडीपुढचे तीन तसेच ठेवून तिनं एक नवी अट घातली : मुल्लाचाचा, १३०० पेक्षा कमी नको. प्रोग्रॅमनं बराच वेळ घेतला. मग उत्तर आलं.

चाळीस पट्ट्या होत्या तशाच होत्या. खाली एकेचाळिसावी ओळ होती, तिनं कधीच न भरलेली : लांबी १५८०. काप पन्नास. उरेल ते गुरुवारसाठी राखून ठेवावे.

शेडमध्ये १५८० लांबीचं काय आहे, हे तिला मोजावं लागलं नाही. चाचांनी पडद्याकडं बघितलं आणि ते स्टूलावरून उतरले.

"राहू दे पोरी. मी घेतो."

"अट घातलीय चाचा," ती म्हणाली आणि लिव्हर धरला.

पहिल्या कापाला तिला काहीच जाणवलं नाही. विसाव्याला ओढणी जमिनीला टेकली. चाळिसाव्याला तिनं पायानं स्टूल जवळ ओढलं. कीस पडला नाही. पाच वाजता ट्रक भरून गेला, आणि आवटींनी खिशातला खडू चाचांच्या हातात दिला. चाचांनी मान खाली घातली, पण तीस वर्षांच्या सवयीनं टेप लावला. तिच्या पाठीवर खडू सावकाश फिरला.

"किती?" तिनं विचारलं.

"चौदाशे तीस," चाचा म्हणाले. "गुरुवार."