चार खोट्या लग्नांची पोत

मी काळ्या मण्यांची पोत. वाट्या दोन, पितळेच्या, वर सोन्याचं पाणी. कुंभकोणमच्या बाजारात बांगड्यांशेजारी लटकत होते, तिथून एका नाटक मंडळीनं मला नेलं आणि शिवरंजनी नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात घातलं.

रंगमंचावर आमची तीन लग्नं झाली. एकदा नवरदेवाला गाठच येईना, तेव्हा तिनंच हात मागं नेऊन मारली. त्या दिवशी टाळ्या जास्त पडल्या. मग सिनेमा. त्यात ती नायकाची वारलेली बायको. दोघींनी सगळा सिनेमा भिंतीवरच्या फोटोतून केला.

मग मालिका. गोष्ट तंजावुरी मराठी घरातली, म्हणून मीही आत आले. चौथं लग्न मालिकेतल्या जयकुमारशी. सहाशे भाग रोज संध्याकाळी मी घराघरांत दिसले. नायिका रडू लागली की कॅमेरा आधी माझ्यावर यायचा.

आणि मग तिचं खरं लग्न ठरलं. नवरा विष्णुवर्धन, दारासुरमच्या शाळेत गणिताचा मास्तर. चित्रीकरण उरकून ती तशीच मांडवात आली. मला काढून कोनाड्यात ठेवलं, खरं मंगळसूत्र असलेल्या सोनाराच्या बंद डबीशेजारी.

आमच्याकडे मुहूर्ताआधी मंगळसूत्र तबकात ठेवून मांडवभर फिरवतात. थोरांनी हात लावून आशीर्वाद द्यायचा. तबक मांडायला आल्या नवऱ्याच्या आत्या, वरलक्ष्मी. त्यांनी मला लगेच ओळखलं. रोज बघत होत्या ना!

"ही घ्या रंजनीची पोत," म्हणत त्यांनी मला नारळावर ठेवलं. दोनशे थोरांनी हात लावला. ओळखीचीच, मग शंका कोण घेणार?

गाठ बसल्यावर सासूबाई विशालाक्षींना डबी सापडली, बंदची बंद. सगळ्यांनी भटजींकडं पाहिलं.

भटजी म्हणाले, "मंत्र खरे, गाठ खरी, थोर खरे. राहिलं काय?"

सासूबाईंनी निकाल दिला, "आता ही उतरायची नाही. सोन्याची राहू दे लॉकरात."

पुढच्याच आठवड्यात पटकथा आली. शुक्रवारी जयकुमार मरणार, आणि मला तोडणार.

"अगो, माझ्या पुत्राच्या नावाची पोत तोडतेस?"

"आई, ती नाटकातली..."

"होती."

दिग्दर्शक शंकरनारायण स्वतः घरी आले. "अम्मा, अशीच दुसरी आणतो."

"अशीच आणशील तर लोकांस हीच वाटेल. सगळं गाव हात लावून गेलंय हिला."

"मग मज दुसरी नायिका बघावी लागेल."

रंजनीचा हात गळ्याशी गेला. तिनं मला मुठीत धरलं. मूठ ओली होती. अख्खा सिनेमा फोटोत टांगून घेतल्यावर तिला ही पहिली नायिकेची भूमिका मिळाली होती.

सासूबाईंनी कॉफीचा टंबलर त्यांच्यापुढं सरकवला. "मरतो कशास तो?"

"हृदयविकार, अम्मा."

"कोणत्या डॉक्टरास दाखवलं?"

दिग्दर्शक खोकले.

"दुसऱ्यास दाखव. आमच्या ह्यांना तीनदा येऊन गेला. आत भात कालवतायत, भेटून जा."

ते आत गेले. सासऱ्यांनी तिसऱ्यांदा रसम वाढून घेतलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघून आले. शुक्रवारी जयकुमारनं डोळे उघडले, आणि मालिका आजही चालू आहे.

जयकुमारचं काम करणारा नट आता दर शुक्रवारी मोगऱ्याचा गजरा घेऊन येतो. नमस्कार आधी मला करतो, मग सासूबाईंना.

माझं सोन्याचं पाणी मात्र उडत चाललंय. म्हणून एकच मागणं. सणाला चिंच घेऊन पितळेची भांडी घासायला बसाल, तेव्हा मला जरा लांब ठेवा. माझ्या जिवावर दोन नवरे जगतायत.