छापलंय की

दादाने बादली उपडी केली आणि मेलेले मासे तिच्या टेबलावर पसरले. काही कीबोर्डवर, काही रंगांच्या नमुन्यांवर, एक थेट तिच्या चहाच्या कपात. बोटाएवढी पिल्लं होती, पोटं वर केलेली.

"बघ," तो म्हणाला. "तुझ्या औषधाने आंघोळ घातलीय त्यांना."

मागची यंत्रं चालूच राहिली, माणसं मात्र थांबली. लेबलांच्या त्या छापखान्यात रंग चुकला म्हणून, माल उशिरा आला म्हणून भांडायला बरेच लोक येत. मासे घेऊन कोणी आलं नव्हतं.

"दादा, इथे नको. बाहेर चल."

"बाहेर कशाला? इथेच झालंय ना सगळं?" त्याने पिशवीतून बाटली काढून माशांच्या मध्ये आपटली.

बाटली तिच्या चांगल्याच ओळखीची होती. शेवाळ काढायचं औषध. फरशी, भिंत, हौदाचा काठ, कुठेही फासा, तासाभरात शेवाळ गायब. तिचं लेबल हिने केलं होतं आणि नमुन्याच्या चार बाटल्या उरल्या तेव्हा एक मोठ्या कौतुकाने भावाला नेऊन दिली होती. दादाचा धंदा मत्स्यबीजाचा. घरामागे सिमेंटचे हौद, त्यांत माशांची पिल्लं वाढवायची आणि तळीवाल्यांना विकायची. गिऱ्हाईक यायचं होतं, म्हणून त्याने हौदांचे काठ घासूनपुसून लख्ख केले आणि पाण्याने धुतले. ते पाणी हौदातच उतरलं. सकाळी उठून पाहतो तर हा प्रकार.

"मी वाचलं होतं," दादा सगळ्यांकडे बघत म्हणाला. "चष्मा लावून वाचलं. किती पाणी घालायचं, हातमोजे घालायचे, सगळं. मासे मरतील असं एका अक्षराने लिहिलेलं नाही. उलट समोर मासाच काढलाय उड्या मारणारा! कोण म्हणेल हे विष आहे?"

ते मात्र खरं होतं. निळं पाणी, त्यातून उसळलेला गुबगुबीत मासा. मासा तिच्याच डोक्यातून निघाला होता. कंपनीने मागितला नव्हता. त्यांनी फक्त "ताजं वाटलं पाहिजे" एवढंच सांगितलं होतं, आणि ताजेपणा म्हटलं की हिला मासे सुचत. मासळीबाजारात कधी पाऊल टाकलं नव्हतं त्याचा हा परिणाम.

काचेच्या खोलीतून मालक बाहेर आले. त्यांनी टेबल पाहिलं, नाकाला रुमाल लावला, कोण आहे ते विचारलं आणि भाऊ आहे हे कळल्यावर आवाजात साखर घातली.

"बसा ना. काय म्हणताय, लिहिलेलं नाही?"

"नाही लिहिलेलं. मी कंपनीला सोडणार नाही. आणि तुम्हालाही."

मालकांनी बाटली उचलली. लेबल बाटलीभोवती गुंडाळलं की त्याची एक कड दुसऱ्या कडेवर चढते आणि गोंदाने चिकटते. मालकांनी ती वरची कड नखाने उकरली, ओल्या बोटाने सोडवली आणि खालची बोटभर रुंदीची पट्टी दादाच्या नाकासमोर धरली. करड्या रंगात, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं.

"हे काय मग? छापलंय की."

दादाने खिशातून चष्मा काढला. ओठ हलवत, एकेक शब्द लावत तो वाचू लागला. "पाण्यातील जीवांस घातक. हौद, विहीर, ओढा यांत जाऊ देऊ नये."

"आता वाचायचंच नाही म्हटल्यावर कंपनी तरी काय करणार?" मालक म्हणाले. "लोकांना सवयच नाही हो वाचायची. आणि मग उलट्या बोंबा." ते तिच्याकडे वळले. "ताई, तुम्हीच सांगा तुमच्या भावाला. छापलंय की नाही?"

तिने दादाकडे पाहिलं. चष्मा नाकावर घसरलेला, हाताला खवले चिकटलेले. ती ओळ त्या पट्टीवर कशी गेली हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. कंपनीला ती ओळ मागच्या बाजूलासुद्धा नको होती, खप पडतो म्हणून. मालक म्हणाले होते, "शांत करा हो ताई तिला. तुमच्यासारखं कोणाला जमत नाही." शांत करणं हा तिथला शब्द. कायद्यासाठी नको असलेली ओळ छापायची, पण ती बोलता कामा नये. रंग फिका करायचा, अक्षर बारीक करायचं, घडीत ढकलायचं. हिचा त्यात इतका हातखंडा, की लोक तिला मागून शांतामावशी म्हणत आणि तिला ते कळलं तेव्हा ती खुशीत हसली होती. गोंदाखालची जागा तिनेच शोधून काढली. छापल्याचं पुण्य पदरात आणि वाचल्याचा त्रास कोणालाच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! त्या दिवशी मालकांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती.

"ताई?"

दुसरी नोकरी या वयात कोण देणार, हे तिच्या मनात आलं. एवढंच आलं, उगीच जास्त काही नाही.

"छापलंय," ती म्हणाली.

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. दादाचा चेहरा मात्र उतरला. राग जाऊन तिथे जे आलं ते तिला बघवेना.

"मग चुकलं माझं," तो म्हणाला. मालकांकडे वळून त्याने चक्क हात जोडले. "माफ करा. डोकं ठिकाणावर नव्हतं, कड सोडवून वाचायचं सुचलंच नाही. डोळे पण आता पूर्वीसारखे नाहीत."

"होतं असं कधी कधी," मालक उदारपणे म्हणाले. चोर तो चोर, वर शिरजोर म्हणतात तो असा, स्वच्छ शर्ट घातलेला.

दादाने एकेक मासा उचलून बादलीत टाकला. कपातला काढताना त्याने "तुझा चहा गेला" असंही म्हटलं.

तो गेल्यावर मालकांनी टेबल पुसायला फडकं मागवलं. "घरच्यांना कशाला वाटता बाटल्या? आणि ऐका, पुढच्या छपाईला गोंद जरा बरा घ्यायला सांगा. हा नखाने सुटतो."

दिवसभर तिने काम केलं असं म्हणायचं. संध्याकाळी ती दादाच्या घरी गेली. वाटेत तिने स्वतःची बाजू बरीच मांडून पाहिली. मी नाही तर दुसऱ्या कोणी केलं असतं. मी नुसती मांडणी करते, औषध थोडंच बनवते! माशांचा धंदा करणाऱ्याला एवढं कळू नये? घराच्या पायरीपर्यंत येता येता यातलं एकही टिकलं नाही, आणि आपण त्याला मूर्ख ठरवून घरी पाठवलं एवढंच उरलं.

वहिनी दारात आडवीच उभी होती.

"या वन्सं, या. मासे संपले आमचे. आता काय आणलंय? मुलांसाठी काही औषधबिषध?"

"वहिनी, दादाशी बोलायचंय."

"बोला की. सकाळी बोललात तेवढं पुरलं नाही वाटतं. दुपारपासून माणूस वेड्यासारखा वागतोय. बघा आत येऊन."

स्वयंपाकघराच्या ओट्यावर घरातले सगळे डबे, बाटल्या, बरण्या मांडलेल्या होत्या. एकावरही लेबल नव्हतं. सगळी सोलून, सपाट करून, एकावर एक रचून ठेवलेली.

"डोळे गेले म्हणतो माझे. आणखी कुठे काय लिहिलंय ते बघतो म्हणतो," वहिनी म्हणाली. "आता मीठ कुठलं नि सोडा कुठला ते तुम्हीच चाखून सांगा."

मागे दादा हौदाच्या कठड्यावर बसला होता. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली.

"दादा, तुझे डोळे चांगले आहेत. ती ओळ कोणालाच दिसली नसती. गोंदाखाली मुद्दाम टाकली होती, दिसू नये म्हणून."

"कोणी?"

"मी."

त्याने हाताला चिकटलेला एक खवला नखाने काढला.

"आणि मासा?"

"मासा पण मीच."

"मग सकाळी का नाही बोललीस?"

"मालक होते समोर."

"मालक होते," तो म्हणाला. "आणि मी कोण होतो? रस्त्यावरचा? मी हात जोडले गं त्या माणसापुढे! तू बघत होतीस. ज्याने मला लुटलं त्याची मी माफी मागितली आणि तू बघत उभी राहिलीस."

"दादा..."

"तुझी सगळी लेबलं मी वाचायचो. साबणाचं असो नाहीतर झुरळांच्या औषधाचं. दुकानात उभा राहून वाचायचो. दुकानदार हसायचा. माझ्या बहिणीने केलंय म्हणायचो." त्याचा आवाज फाटला. "जा तू."

ती गेली नाही. लाज वाटली की माणसाला काहीतरी हातात घ्यावंसं वाटतं. तिने कोपऱ्यातली बादली उचलली.

"आपण हौद रिकामे करू. धुऊन नवं पाणी भरू, नवी पिल्लं आणू. माझ्याकडे आहेत थोडे पैसे साठवलेले, मी देते. तळाची मोरी उघडायची आणि पाणी ओढ्यात सोडून द्यायचं. तासाभराचं काम. आता कोण बघतंय?"

दादाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. सकाळी टेबलावर मासे ओततानासुद्धा त्याने तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"ओढ्यात जाऊ देऊ नये," तो म्हणाला. "लिहिलंय ना?"

तिने बादली खाली ठेवली.

"खाली लोकांचे हौद आहेत. गुरं पितात ते पाणी. सकाळपर्यंत मला माहीत नव्हतं. आता वाचलंय मी."

"मग या पाण्याचं करायचं काय?"

"कंपनीला फोन केला होता. ती बाई म्हणाली, लेबल वाचा." तो हसल्यासारखा झाला. "कोणीतरी सांगेल. शोधेन मी. तोवर राहू दे तसंच."

"तसंच म्हणजे?" दारातून वहिनी ओरडली. "हंगाम काय थांबणार आहे का तुमच्यासाठी? सगळं वर्ष जाईल!"

"जाईल," दादा म्हणाला.

उजेड उतरत होता. हौद काठोकाठ भरलेले होते आणि पाणी इतकं नितळ होतं, की तळाच्या सिमेंटवरची गवंड्याच्या करणीची रेघसुद्धा दिसत होती. शेवाळाचा ठिपका नव्हता. लेबलावर निळ्या रंगात जे दाखवायला तिने आठवडा घालवला होता ते हेच पाणी.

एक चिमणी कठड्यावर येऊन बसली. दादाने तिला हाकललं. मग तो उठला आणि भिंतीला टेकवलेले पत्रे ओढून हौदांवर टाकू लागला, पाखरांनी प्यायला येऊ नये म्हणून. पत्रे लांब होते, एकट्याला आवरत नव्हते. तिने पुढे होऊन एका पत्र्याचं टोक धरलं.

"सोड," तो म्हणाला.

तिने सोडलं. पत्र्याचं टोक जमिनीवर घासत, करकरत तो एकटाच हौदाकडे ओढत नेऊ लागला.