गोलातला बारीक आकडा

“काका, मेमरी कार्डावरचे हे आकडे तुम्हाला तरी कळतात का?” दुकानदारालाही ते कळत नसणार अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून दुकानात विचारलंच. शनिवारी शाळेचं नाटक शूट करायचं होतं. बाबांनी सगळ्यात मोठे आकडे बघून दोन खेपांत दोन कार्डं आणली होती. पहिलं आमच्या जुन्या कॅमेऱ्याने ओळखलंच नाही, दुसऱ्यावर शूटिंग दहा सेकंदांत बंद पडलं.

काकांनी थकून चष्मा काढला. “मोठा आकडा वाचायच्या वेगाचा. लिहायचा, म्हणजे शूटिंग साठवायचा वेग गोलातल्या बारीक आकड्यात. आणि तुमचा कॅमेरा बत्तीस जीबीपर्यंतच घेतो.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“विचारलंय कोणी?”

घरी बाबा सोफ्यावर आडवे झाले होते. आई म्हणाली, “आता चौथी खेप?”

“मुळीच नाही. बारीक आकडा बघून आणलंय, दुकानातच कॅमेऱ्यात घालून बघितलं, चाललंय. आणि शनिवारी बाबा खुर्चीत बसतील, कॅमेरा मी धरणार.”