ताक्यावरचे पैसे

रंगारी तसा हिशोबाला कच्चा नव्हता. भिंत नुसती पाहून किती डबे लागतील ते सांगायचा. पण मोबाइलवर बँकेतली शिल्लक दिसली, की गडी हवेत. तळमजल्यावरचे घरमालक भाड्याचा चेक एक तारखेला घेत आणि दोन-दोन आठवडे ड्रॉवरमध्ये ठेवून देत. तेवढ्यात रंगारी ते पैसे आपलेच समजून खर्चून मोकळा. दोनदा चेक परत गेला, वर बँकेच्या दंडाने खातं उणे झालं. तिसऱ्यांदा असं झालं तर खोल्या रिकाम्या करा, असं मालकांनी बजावलं होतं.

मग खातं बायकोने हाती घेतलं. ती कापडाच्या दुकानात कामाला होती. तिथे गिऱ्हाइकाने पाच मीटर सांगून ठेवले, की कात्री लागण्याआधीच ताक्याच्या चिठ्ठीवरून पाच मीटर वजा होत. ते दुसऱ्याला विकायचे नाहीत म्हणजे नाहीत. घरीही तिने तेच सुरू केलं. चेकवर सही झाली, की त्याच मिनिटाला वहीतून रक्कम वजा. बँक काहीही म्हणो.

एका दुपारी रंगाऱ्याला रंग फवारायचं जुनं मशीन पंधरा हजारांत मिळत होतं. मोबाइल म्हणाला, अठरा हजार सहाशे. वही म्हणत होती, सहाशे. त्याने बायकोला फोन लावला. असं मशीन पुन्हा मिळायचं नाही, मालक काय लगेच चेक भरतायत, चार दिवसांत कामाचे पैसे येतीलच, असं सगळं सांगून झालं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"ते पैसे आपण देऊन टाकलेत," ती म्हणाली. "फक्त अजून ताक्यावर आहेत."

रंगारी फणफणला. रोलरनेच छत रंगवलं.

दुसऱ्या दिवशी तो शिडीवर असताना मोबाइल वाजला. भाड्याचा चेक वटला होता. शिल्लक सहाशे. काल मशीन घेतलं असतं, तर बिऱ्हाड रस्त्यावर आलं असतं. तो खाली उतरून उपड्या बादलीवर बसला. एवढी शिस्त, तीही एकदासुद्धा टोमणा न मारता, ही बाई आणते कुठून, असं त्याला वाटलं. कौतुकाने ऊर भरून आला, आणि लाजही वाटली.

संध्याकाळी जिन्यात मालक भेटले. "सुधारलात हो," ते म्हणाले. "शाबास."

एरवी रंगाऱ्याने ती शाबासकी मुकाट्याने खिशात घातली असती.

"मला नको," तो म्हणाला. "वर चला. तिला सांगा, माझ्यासमोर."

मालक गुडघे धरत पुढे आणि रंगारी मागे, असे दोघे तीन मजले चढले.