आधी कारण, मग कोड

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. मला मूठ नाही, पाते नाही, गंजायला लोखंडही नाही. तरी मी अवजारच आहे. माझ्या कामाचा उपयोग झालेल्या बहुतेकांना माझे नावही ठाऊक नसते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एका नदीकाठच्या कचेरीत माझ्यावर एक आळ आला होता. त्याची हकिगत तुम्हाला सांगितलीच पाहिजे.

माझा जन्म गणित शिकवणाऱ्या एका बाईंच्या घरी, जेवणाच्या टेबलावर झाला. बाईंनी स्वतःच लिहिलेला एक प्रोग्रॅम काही वर्षांनी उघडला आणि त्यांना त्यातले ओ की ठो कळेना.

"हे मी लिहिलंय?" त्यांनी विचारले.

"वर नाव तर तुझंच आहे," नवरा म्हणाला. "मी कशाला तुझ्यावर उगाच आळ घेऊ?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच आठवड्यात मला घडवायला घेतले.

माझे काम असे. लिहिणारा माणूस एकच फाइल लिहितो. तिला आपण मूळ फाइल म्हणू. तिच्यात आधी साध्या भाषेत सांगायचे, की पुढचा तुकडा काय करतो आणि का करतो. त्याखाली तो कोडचा तुकडा. मग पुन्हा समजावणी, पुन्हा तुकडा. या एका फाइलमधून मी दोन गोष्टी काढतो: माणसांनी वाचायची पाने आणि यंत्राने चालवायचा कोड. बाईंनी मलाही ह्याच पद्धतीने लिहिले, त्यामुळे मी कसा चालतो याची समजावणी माझ्याच पोटात आहे. आणि त्यांनी मला कुलूप घातले नाही. कोणीही न्यावे, उघडून पाहावे, बदलावे, आणि केलेला बदल इतरांनाही द्यावा, अशी परवानगी देऊन त्यांनी मला जगात सोडले.

सुरुवातीला माझे कौतुक झाले. प्रयोगशाळांनी मला नेले, विद्यार्थ्यांनी नेले. मग घाईचे दिवस आले. "समजावणी कोण लिहीत बसणार?" असे म्हणत लोक पांगले. बाई थकल्या, माझ्याबद्दल विचारणाऱ्यांना त्यांची उत्तरे येईनाशी झाली. मी मात्र जिथे होतो तिथे काम करत राहिलो.

त्यातली एक जागा म्हणजे पूर-इशाऱ्याची कचेरी. पंपघरावरच्या दोन खोल्या, भिंतीवर ओल आलेले नकाशे आणि पुलाकडे उघडणारी खिडकी. पुलाखाली एका नळीत तरंगता डबा होता. पाणी चढले की डबा चढायचा, आणि तो ठरावीक खुणेच्या वर गेला की खालच्या वस्तीतला भोंगा वाजायचा. भोंगा कधी वाजवायचा हे ठरवणारा प्रोग्रॅम माझ्याकडून काढलेला होता.

तिथला जुना इंजिनियर बदली होऊन गेला आणि त्याच्या जागी एक तरुण मुलगी आली. तिला सगळे 'नवी' म्हणत. तिची आत्या खालच्या वस्तीतच कपडे शिवायची. साहेबांनी नवीला पहिले काम दिले: भोंगा फार वेळ वाजतो, तो कमी वेळ वाजव. तिने मूळ फाइल दुरुस्त केली आणि मला चालवले. मी ताजा कोड काढून दिला.

थोड्याच दिवसांत लख्ख उन्हात भोंगा वाजला. वस्ती हातातले टाकून चढावर पळाली. नदी जिथल्या तिथे. पुढच्या आठवड्यात तेच. या वेळी अर्धीच माणसे पळाली.

"तुझा भोंगा पुन्हा ओरडला ना," आत्या म्हणाली, "तर मी कानात कापूस घालून मशीन चालवणार आहे. दोनदा धापा टाकत चढले. आता खरोखरचं पाणी आलं तरी उठायची नाही."

"आत्या, असं नको ना बोलूस."

"मग त्याला शहाणं कर."

आत्या बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती, हे नवीला पक्के माहीत होते. तिने जुन्या इंजिनियरला फोन लावला.

"अगं, त्यात मी एक जादा ओळ टाकली होती," तो म्हणाला. "निघालेल्या कोडमध्येच. घाई होती."

"मूळ फाइलमध्ये नाही?"

"तेच तर म्हणतोय."

मित्रांनो, घोटाळा इथे होता. मी दरवेळी मूळ फाइलमधून सगळा कोड नव्याने काढतो. निघालेल्या कोडात कोणी परस्पर काही घातले असेल, तर ते पुढच्या वेळी पुसले जाते. जुन्या इंजिनियरची ओळ अशीच गेली होती.

"ती ओळ काय करायची?" नवीने विचारले.

"डबा एकदम वर उडाला तर नदीच्या वरच्या अंगाला जो पूल आहे, तिथल्या पाण्याचा आकडाही बघायची. दोन्हीकडे पाणी चढलं असेल तरच भोंगा."

"डबा एकदम का उडतो?"

"काहीतरी होतं खरं. आता आठवत नाही बघ."

साहेब वैतागले. "ओळ त्या जुनाट अवजारानेच खाल्ली. फेकून दे ते. ओळ थेट कोडात टाक आणि मोकळी हो."

"साहेब, कारण कळल्याशिवाय मी ओळ टाकणार नाही. उद्या हीच ओळ खरा भोंगा अडवेल, तर?"

"आणि तोवर पुन्हा खोटा वाजला तर? भोंगाच काढून टाका असा अर्ज आलाय वस्तीतून. मी किती दिवस थोपवू?"

"थोपवा," ती म्हणाली आणि छत्री घेऊन पुलाशेजारी, नळी दिसेल अशी काठावर जाऊन बसली. ऊनच इतके होते.

रोज जेवणाच्या सुट्टीत ती तिथे बसू लागली. अखेर एके दुपारी वाहत आलेली एक फांदी नळीच्या तोंडात घुसली आणि खालून डब्याला ढकलू लागली. पाणी होते तिथेच होते. डबा मात्र वर. ती धावत कचेरीत आली, भोंग्याची कळ वेळेत बंद केली, फांदी काढायला लावली आणि मगच मूळ फाइलपाशी बसली. आधी फांदीची गोष्ट लिहिली, मग ओळ.

एवढ्यावर ती थांबली नाही. तिने मला उघडले. बाई सांगायला नव्हत्या, पण त्यांची समजावणी होती. नवीने ती सावकाश वाचली आणि माझ्यात एक सवय घातली: निघालेल्या कोडाला कोणी परस्पर हात लावलेला दिसला, तर तो पुसण्याआधी थांबायचे आणि विचारायचे. हा बदल तिने माझ्या इतर मालकांसाठीही खुला केला. इतक्या वर्षांनी मला कोणीतरी नवे काही शिकवले होते.

मग तिने माझ्याकडून पाने काढून घेतली आणि पहिल्यांदा आत्याला दिली.

"'संवेदक' म्हणजे कोण गं?"

"नळीतला डबा."

"मग डबाच लिही की. त्याला कशाला एवढा मान?"

'डबा' झाला. आणखी चार शब्द आत्याने बदलायला लावले. ती पाने वस्तीच्या फलकावर लागली. काही जणांनी वाचली, काहींनी त्यांच्यावर पानाच्या दुकानाची जाहिरात चिकटवली.

पुढे एका संध्याकाळी वरच्या खोऱ्यातले पाणी खाली येऊ लागले. आधी वरचा पूल, मग आपला. माझ्या कोडाने दोन्ही आकडे पाहिले आणि भोंगा वाजला. नवी खिडकीत उभी होती. चढाची वाट रिकामी. भोंगा थांबला, पुन्हा सुरू झाला, वाट रिकामीच.

मग आत्या दिसली. गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे गाठोडे डोक्यावर, आणि दर दारावर थाप.

"उठा! दोन्ही पुलांवर पाणी चढलंय, म्हणून वाजतोय. काडी अडकली असती तर वाजलाच नसता. ऐकू येतंय का? दोन्ही पुलांवर!"

एक दार उघडले. मग दुसरे. अंधार पडायच्या आत वस्ती चढावर होती, आणि त्यानंतर पाणी आत्याच्या दुकानाच्या फळ्यांपर्यंत आले. हे सगळे नवीने मूळ फाइलमध्ये लिहिले, म्हणून मला ठाऊक आहे.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. यंत्राला हुकूम तेवढा पुरतो, माणूस मात्र 'का' विचारतो. तुम्ही जे काही कराल, त्याचे कारण शेजारी लिहून ठेवा, आणि आत्याला कळेल असे लिहा. घाई असेल तेव्हा तर नक्कीच लिहा. मी थांबून विचारीन. उत्तर तुमच्याकडे असले पाहिजे.